जमादारावरचा आळ

६ जानेवारी, मंगळवार

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी या घरातल्या मार्जाराने माझ्या चौदा वर्षांच्या कात्रणांवर मूत्रोत्सर्ग केला. ही नोंद मी उभ्याउभ्या करतो आहे, कारण खुर्चीही ओली आहे. फायलीवर माझ्याच हातचं लाल शाईतलं नाव: 'पाणीप्रश्न, इंदापूर तालुका'. इतकी वर्षं लिहून जे मी एकाही गावाला मिळवून देऊ शकलो नाही, ते फायलीला मिळालं. माझ्या पत्रकारितेचा एवढा थेट परिणाम मी प्रथमच पाहिला. संपादकांना कळवलं तर ते एवढंच विचारतील की फोटो आहे का.

आरोपीचं नाव जमादार. बोका, रंग पिवळा-पांढरा, वय तीन. आमची मुलगी तमन्ना पुण्याला फार्मसी शिकायला गेली तेव्हा त्याला आमच्या गळ्यात टाकून गेली. नाव अब्बांनी ठेवलं, कारण पहाटे तो सगळ्या खोल्यांतून फिरून माणसांची हजेरी घेतो आणि मग अब्बांच्या दिवाणावर त्यांच्या पायाशी जाऊन पडतो. अब्बा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. पंचावन्न वर्षं शिवणयंत्रावर बसले. बारामतीतल्या निम्म्या पुढाऱ्यांचे पांढरे लेंगे त्यांच्या हातचे. अजूनही पुढच्या खोलीत दिवाणाशेजारी यंत्र मांडून चार टाके घालतात. मी संस्कृत घेऊन एम.ए. झालो तेव्हा ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी शिवतो, आन् पोरगं उसवतंय. समास का काय म्हनत्यात, त्ये."

जमादाराच्या विधींसाठी घरात वाळूचं घमेलं आहे. ते सोडून त्याने फाइल का निवडली, हे कळायला मार्ग नाही.

माझ्या बायकोने, जरिनाने, दारातून निकाल दिला. "आता बास झालं. ह्या घरात त्यो तरी ऱ्हाईल, न्हायतर मी तरी."

मी म्हटलं, "घाईने ठरवू नये. दोन्ही बाजू ऐकून घेतो."

"कुठल्या दोन बाजू?"

मी फाइल पुसायला घेतली.

८ जानेवारी, गुरुवार

आज दिवाण. अब्बांनीच हाक मारली. "युनूस, बग रं. जमादारानं हितं बी केलं."

चादर मध्यभागी ओली, गादीपर्यंत उतरलेली. अब्बा भिंतीला टेकून उभे, हातात तसबीह, जपाची माळ. जमादार यंत्राखाली बसून आमच्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही. इतकी निर्ढावलेली मुद्रा मी फक्त ठेकेदारांच्या बैठकीत पाहिली आहे.

जरिनाने चादर काढली, गादी उन्हात टाकली आणि मुदत जाहीर केली. महिनाअखेर. तोवर सुधारला नाही तर त्याला वरकुट्याला आसियाकडे पाठवायचं. आसिया माझी धाकटी बहीण. तिच्याकडे शेत आहे, गोठा आहे, हवं तिथे करायला मोकळीक आहे.

अब्बा म्हणाले, "मुका जीव हाय. थंडी बाधली असंल."

मला नवल वाटलं. अब्बांनी आयुष्यात कोणाची बाजू घेतली नाही, गिऱ्हाइकाचीसुद्धा. टेप म्हणेल ते माप.

९ जानेवारी, शुक्रवार

भीमेच्या वाळूउपशाविरुद्ध मी आजवर अकरा बातम्या दिल्या आहेत. आज एका बांधकामावरून अर्धं पोतं वाळू मागून आणली, मांजरासाठी. गवंड्याने मला ओळखलं. हसला नाही, पण पोतं उचलून देताना म्हणाला, "सर, पावती पायजे का?"

११ जानेवारी, रविवार

जमादाराला घेऊन डॉक्टर सौरभ देवकात्यांकडे गेलो. तरुण आहेत, हुशार आहेत, पण त्यांचा सगळा दिवस जर्सी गाईंत जातो. केसपेपरवर एक रकाना होता: दूध, लिटर. मी 'निरंक' असं लिहिलं.

ऑपरेशन तमन्नाने मागेच करून घेतलं आहे, तेव्हा तो विषय नव्हता. डॉक्टरांनी पोट चाचपलं, पापण्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "घमेलं हलवलंय का अलीकडं?"

"जिन्याखालून काढून बोअरच्या मोटारीपाशी ठेवलंय. जिन्याखाली मुलीची पुस्तकं आहेत."

"मोटार सुरू झाली की दचकत असणार. परत जिन्याखाली ठेवा आणि वाळू रोज बदला. आठ दिवसांत नीट होईल."

"पण दिवाणावरही केलंय."

"दिवाणावर नखांनी ओरबाडलं होतं का? मांजर केल्यावर झाकायला बघतं. वाळू नसली तरी उगाच पंजे मारतं."

"नाही. चादर अगदी नीट होती."

"मग तेवढं बघावं लागेल," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लोणी भापकरला एक गाय आडवी पडली होती. ते मोटारसायकलवर बसून निघूनच गेले.

म्हणजे जमादाराचा झाकायचा संस्कारही गेला. आमच्या न्यायशास्त्रात अनुमान करायचं तर आधी चिन्ह पाहतात आणि त्यावरून कारण ओळखतात. चिन्ह ओली चादर. घरात तिच्यावर झोपणारं बेजबाबदार जनावर एकच. अनुमान सिद्ध.

पुस्तकांची खोकी माझ्या खोलीत आणली. आता मी आणि माझी खुर्ची यांच्यामध्ये फार्मसीचं पहिलं वर्ष उभं आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारचे गेणबा तात्या तिळगूळ घेऊन आले. जन्मभर ऊस केला, आता शेत मुलावर सोपवून आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर लक्ष ठेवतात. मला 'शास्त्री' म्हणतात, अब्बांना 'मास्तर'.

"काय शास्त्री, मांजार सुधारलं का?"

"तीन दिवस झाले, घमेल्यातच करतंय तात्या."

"मंग मास्तर कुठं हायती? कट्ट्यावर येत न्हाईत."

"थंडी आहे."

"थंडी मला न्हाय व्हय? येतो न्हवं मी? तेंच्याशिवाय माज्या चुका काडायला कोन हाय तितं?"

आतून अब्बांचा आवाज आला, "गेणबा, गुडगं धरल्यात माजं. बस तू."

तात्या बसले. अब्बा मात्र बाहेर आले नाहीत. आमच्या घरात तिळगूळ कधी उरत नाही, तो याच वर्षी उरला.

दिवसभर तीन गावांना फिरलो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एकीमागे एक. अंगात त्राण नाही. बातमी फोनवरच सांगितली.

१६ जानेवारी, शुक्रवार

दिवाण पुन्हा ओला. घमेलंही वापरलेलं होतं, हे विशेष. म्हणजे हा इसम आता दोन्हीकडे करतो. कार्यक्षमता वाढली आहे.

जरिनाने चादर नाकाजवळ धरली आणि म्हणाली, "ह्येला वास न्हाय."

मी म्हटलं, तुला सर्दी झाली असेल. फायलीचा वास अजून माझ्या खोलीतून गेलेला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, अब्बांच्या दाराकडे पाहिलं, आणि चादर बादलीत घातली.

अब्बांच्या दोन नव्या गोष्टी. एक, त्यांनी स्वतःसाठी दोन लेंगे शिवले, चॉकलेटी. जन्मभर बगळ्यासारखा पांढरा घातला, रंगीत लेंगा घालणाऱ्याला ते 'हमाल हाय का' म्हणून विचारायचे. मी थट्टा केली, "अब्बा, या वयात फॅशन?" ते म्हणाले, "कापड उरलं व्हतं." दुसरी, त्यांची जानमाज, नमाजची चटई, नेहमी दिवाणाच्या उशाशी घडी करून असते, ती आज माझ्या पुस्तकांच्या कपाटावर, कोशांच्या डोक्यावर दिसली. "तितं मांजार जात न्हाय," असं त्यांचं म्हणणं. जमादार रोज दुपारी तिथेच झोपतो, पण मी वाद घातला नाही.

जुम्म्याच्या नमाजलाही गेले नाहीत. गुडघे.

१८ जानेवारी, रविवार

हे घर मला कधी समजणार नाही.

आज सकाळी मी जरिनाला सांगितलं की आसियाशी बोलणं झालं, बुधवारी मला इंदापूरला काम आहे, तेव्हाच जमादाराला वरकुट्याला सोडून येतो. वाटलं, खूश होईल. ती भाकरी थापता थापता थांबली.

"ऱ्हाऊ द्या त्याला."

"काय?"

"ऱ्हाऊ द्या म्हनलं. हितं काय खातंय? दोन घास तर."

"तूच म्हणालीस ना, तो तरी राहील नाहीतर मी?"

"मी म्हनले आसंल. मी लई काय काय म्हनते. तुमी सगळं आयकता व्हय?"

मी पंचवीस वर्षांच्या संसारात तिने मागे घेतलेली दुसरी आज्ञा ऐकत होतो. पहिली मेथीबद्दल होती. म्हटलं, एकदा ठरलं की ठरलं. आसियाने जागा केली आहे, तिला काय सांगू? आणि रोज गादी उन्हात ओढून तुझीच कंबर जाते.

"माजी कंबर मी बगीन," ती म्हणाली. तवा एवढा तापला की भाकरी करपली.

आत्ता लक्षात आलं म्हणून लिहितो. मी अंघोळीला गेलो तेव्हा अब्बांचे दोन्ही चॉकलेटी लेंगे दोरीवर वाळत होते, हाताने धुतलेले. मशीन असताना हा माणूस थंड पाण्यात हात घालतो. जुन्या माणसांचा यंत्रावर विश्वास नाही, एक शिवणयंत्र सोडून.

२१ जानेवारी, बुधवार

नेलं एकदाचं.

टोमॅटोचं एक क्रेट, त्यावर दुसरं पालथं, सुतळीने आवळलेलं, आणि हे सगळं स्कूटरवर माझ्या पायांच्या मध्ये. निघताना अब्बा पायरीपर्यंत आले, क्रेटच्या जाळीतून एक बोट आत घातलं. जमादाराने ते चाटलं. अब्बा म्हणाले, "त्याचं काय चुकलं?"

मी म्हटलं, "अब्बा, त्याने तुमची गादी नासवली."

अब्बांनी बोट काढून घेतलं आणि आत गेले. जरिना दारात आलीच नाही.

उसाच्या ट्रॉलीमागे अडकलो की जमादार ओरडायचा, पुढे गेलो की गप्प. अंथुर्ण्यात चहाला थांबलो तर टपरीवाला म्हणाला, "कोंबडा हाय का?" "मांजर." "मंग वरडतंय कशापायी?" इतक्या लांब मलाही कोणी क्रेटमधून नेलं तर मीही ओरडेन.

आसिया गोठ्यात होती. हात पुसत आली, क्रेट उघडलं, जमादाराला काखेत घेतलं. "भाई, अब्बा कसं हायती? फोनवर 'बरा हाय' एवडंच म्हनत्यात."

"गुडघे धरलेत. बाकी ठीक."

"घेऊन या की चार दिस. ऊन चांगलं हाय हितं."

म्हटलं, विचारतो. परत येताना पायांच्या मध्ये रिकामी जागा होती आणि गार वारा थेट लागत होता.

२३ जानेवारी, शुक्रवार

आसियाचा फोन. जमादार गोठ्यामागच्या राखेच्या ढिगावर जातो, करतो, नीट झाकतो आणि तीनदा वास घेऊन खात्री करतो. "लई शाना हाय भाई, तुमी उगाच बदनाम केला त्याला."

मी म्हटलं, सासरी सगळेच शहाणे वागतात. ती हसली.

घर कोरडं आहे. जरिना मात्र माझ्याशी कामापुरतं बोलते. अब्बांना म्हटलं, आसिया बोलावते आहे, चार दिवस जाऊन या. "दुसऱ्याच्या घरात झोपायला मला जमत न्हाय," म्हणाले. पोरीचं घर दुसऱ्याचं कधीपासून झालं? मागच्या वर्षी तिथे बारा दिवस राहिले होते, यायला तयार नव्हते.

आज जुम्म्याला मी एकटाच गेलो. तिघांनी विचारलं, मास्तर कुठं हायती.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी पुढच्या खोलीत गेलो. अब्बा दिवाणासमोर उभे होते. चादर मध्यभागी ओली. अंगावर कोरडा लेंगा होता, पण तो उलटा घातलेला होता. शिवण बाहेर. ज्या माणसाने पंचावन्न वर्षं शिवण आत ठेवली, त्याची शिवण बाहेर.

मला पाहून ते म्हणाले, "मांजार आलं व्हतं वाटतं."

जमादार वरकुट्याला आहे. त्यांनी स्वतः त्याला पायरीवरून निरोप दिला होता. ते विसरले होते की मला विसरायला सांगत होते, ते मला कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात जरिना मागून आली. "त्यो दुसरा बोका असंल, अब्बा. खिडकी उगडी ऱ्हायली माजी. तुमी चा घ्या, मी बगते." आणि माझ्या दंडाला धरून तिने मला बाजूला केलं, मी दारात अडथळा असल्यासारखं. मी होतोच.

दुपारी गच्चीवर गादी पलटताना तिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मांजराचा वास मला कळत न्हाय व्हय? फायलीचा वास दोन खोल्या लांबनं येत हुता. चादरीला वास न्हवता, तवाच कळलं. तरी मनाला म्हनलं, सर्दी आसंल. मंग फाटंचं उठले तर अब्बा नळाखाली लेंगा धूत बसल्यालं. मला बघून म्हनलं, मांजरानं घान केली गं. मी म्हनलं, व्हय अब्बा, लई वंगाळ मांजार हाय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला सांगितलं आसतं तर तुमी तोंड लपवलं आसतं का? तुमच्या तोंडावर सगळं छापून येतं. म्हनून म्हनत हुते, ऱ्हाऊ द्या त्याला. त्यो हुता तवर काय तरी नाव घ्यायला हुतं. आता कुनाचं नाव घ्यायचं?"

गादीची एक बाजू तिने धरली होती, दुसरी मी.

मग तिने बाकीचंही सांगितलं. जुम्मा गुडघ्यांमुळे चुकत नव्हता. कपडे पाक, म्हणजे शुद्ध, राहत नाहीत म्हणून अब्बा मशिदीत जात नव्हते. नमाजच्या रांगेत उभं राहिल्यावर काही झालं तर. चॉकलेटी लेंगा त्यासाठी. जानमाज माझ्या कपाटावर त्यासाठी. कट्टा त्यासाठी बंद. आसियाकडे न जाणं त्यासाठी. हे सगळं मी या वहीत तारखेसह लिहून ठेवलं होतं, वर विनोद केले होते.

२६ जानेवारी, सोमवार

ध्वजवंदनाच्या तीन बातम्या. तिन्हींत फक्त पाहुण्यांची नावं वेगळी.

परतताना मौलानांना गाठलं. म्हटलं, एका ओळखीच्या गृहस्थांचा प्रश्न आहे, वयामुळे लघवी थांबत नाही, त्यांनी नमाज कशी पढावी? ते लगेच म्हणाले, ज्याला थांबवताच येत नाही त्याच्यासाठी सूट आहे. प्रत्येक नमाजच्या वेळी हात-तोंड-पाय धुऊन ताजा वजू करावा, शक्य तेवढी सफाई ठेवावी आणि पढावी. थेंब गेला तरी नमाज होते. "त्यांना म्हणावं, घरी बसू नका. अल्लाह अडचण जाणतो."

किती सोपं. मी आभार मानले आणि घरी आलो. अब्बा यंत्रावर बसले होते, काहीच न शिवता पट्टा हाताने फिरवत. मी त्यांना म्हटलं, "आज ऊन चांगलं पडलंय." आणि आत आलो.

२८ जानेवारी, बुधवार

वरकुट्याला जाऊन जमादाराला परत आणलं.

आसिया चिडली. "आठ दिस झालं न्हाईत, आन् परत? रुळलाय त्यो हितं. राखंवर कसा नीट जातोय बगा."

"घरात उंदीर झालेत," मी म्हटलं.

"सिमेंटच्या घरात?"

"पुस्तकांमुळे."

तिने मला नीट न्याहाळलं. आमच्यात सात वर्षांचं अंतर आहे, पण लहानपणी माझी खोटी कारणं तीच अब्बांकडे पोचवायची, तेव्हा तिला ती ओळखू येतात. "अब्बांना करमत न्हाय का त्येच्याबिगर?"

"हो," म्हटलं. हे तरी खोटं नव्हतं. तिने क्रेटमध्ये एक जुनं फडकं अंथरलं, सुतळी स्वतः बांधली आणि जमादाराच्या कपाळावर बोट टेकवून म्हणाली, "जा बाबा, तुजं घर तुला लखलाभ."

घरी क्रेट उघडलं. जमादार आधी जिन्याखाली जाऊन घमेलं पाहून आला, मग चारही खोल्यांतून फिरला, आणि दिवाणावर चढला. अब्बा म्हणाले, "आला का रं, हजर झाला का?" आज किती तरी दिवसांनी त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचला.

जरिनाने दिवाणावर खाली मेणकापड घातलं आहे, वर जाड चादर. अब्बांना सांगितलं, मांजरासाठी.

३१ जानेवारी, शनिवार

आज दिवाण ओला होता. जरिनाने चादर ओढत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला. "आला का मुडद्या आपल्या वळनावर! सुदरायचा न्हाईस तू!" मुडदा त्या वेळी मागच्या उंबऱ्यावर ऊन खात पाय चाटत बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पाय चाटायला लागला.

अब्बा म्हणाले, "वरडू नगंस त्येला, पोरी. म्हातारं झालंय त्ये."

जमादार तीन वर्षांचा आहे. जरिनाने चादरीत तोंड घातलं आणि आत गेली. मी म्हटलं, "व्हय अब्बा." त्यांनी मान हलवली.

काल मी एकटाच एका डॉक्टरांना भेटलो. माणसांच्या. ते म्हणाले, या वयाच्या पुरुषांत हे सर्रास असतं, तपासून औषध देता येतं, घेऊन या. म्हणजे माझ्याकडे आता दोन चांगल्या बातम्या आहेत, एक डॉक्टरांची, एक मौलानांची, आणि दोन्ही मला देता येत नाहीत. दोन्ही द्यायच्या तर आधी म्हणावं लागेल, 'अब्बा, आम्हाला माहीत आहे.' गेली बावीस वर्षं मी लोकांना नको ते प्रश्न विचारून पोट भरतो. मेलेल्या माणसाच्या भावाला स्मशानात गाठून 'काय वाटतं' असं विचारलं आहे. इथे मात्र खोलीच्या दारापर्यंत जातो आणि उन्हाबद्दल बोलतो.

जरिना म्हणते, बापलेकांनी बोलावं, सुनेनं न्हाय. बरोबर आहे. ती तिच्या वाटणीचं खोटं पुरेसं बोलली.

आज दुपारी मी पाहिलं. तिने सकाळी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या अब्बांनी उचलला, खिडकीतून कढीपत्त्याच्या कुंडीत ओतला आणि रिकामा जागेवर ठेवला. चहाचा कपही तसाच. जरिनाला विचारलं तर म्हणाली, चार-पाच दिवस झाले, ओठ फुटल्यात, जेवताना घोटभर घेतात तेवढंच. रमजानला अजून अठरा-एकोणीस दिवस आहेत. आत जाईल तेवढं बाहेर येईल, असा त्यांचा हिशेब असणार.

मी कुंडीजवळ उभा राहिलो. माती गार होती.

खरं लिहायचं तर मला चादरीची काळजी नाही, गादीची नाही, मांजराची तर नाहीच. अब्बा लाजेपायी पाणी सोडतायत, आणि त्यांचा मान राखतो आहे असं स्वतःला सांगत मी गप्प बसेन, ते अंथरुणाला खिळेपर्यंत गप्प बसेन, याची मला भीती वाटते.